रॉकेटचा प्रायमर

हिंगोलीहून नांदेडकडे निघालं की कळमनुरीनंतर आखाडा बाळापूर येतं. हमरस्त्यालगत बी-बियाण्यांची, टायरची, हार्डवेअरची दुकानं आणि मधूनच एखादं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. अशाच एका गॅरेजातली ही गोष्ट. माणसांना नावं दिलेली नाहीत. बोधकथेतल्या कोल्ह्याला आणि करकोच्याला तरी कुठं नावं असतात?

गॅरेज चाचांचं. वय साठीच्या पुढं. उमेदवारी नांदेडला ट्रकच्या बॉड्या रंगवण्यात गेलेली. हाताखाली एक पोरगा होता, बारावी करून नुकताच लागलेला. हात चपळ, डोकं तापट, आणि रंगाची भारी हौस. गिऱ्हाईक गाडी उभी करायच्या आत हा शेडकार्ड पुढं धरी, "बोला, कोणता कलर?" चाचा तोवर गाडीपाशी जाऊन बोटाच्या पेरानं बोनेट वाजवत. नखानं कडेचा जुना रंग जरासा उचकटून बघत आणि विचारत, "खाली काय हाय ह्याच्या?" पोराला ती म्हातारपणाची खोड वाटायची. गिऱ्हाईक वरचं बघून पैसे देतं, खालचं कोण बघतंय?

त्याची चुलतबहीण नववीत होती. चांद्रयान-३ चा लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरला, तेव्हापासून तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिवस म्हणून पाळला जातो. तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी २०२५ च्या त्या दिवसासाठी पाण्याच्या रॉकेटांची स्पर्धा ठेवली होती. जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहणार असल्यानं सरांच्या अंगात आधीच वारं संचारलेलं. दारूचं रॉकेट शाळेत उडवणं कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही नाही. म्हणून बाटलीचं. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घालायचं, तोंडाला व्हॉल्व्हचं बूच लावायचं, ती उलटी उभी करून पंपानं हवा भरायची आणि बूच सोडायचं. पाणी खाली फेकलं जातं, बाटली वर जाते. उंचीलाही गुण होते, रूपालाही.

पोरीनं रॉकेट मन लावून केलं होतं. खाली बाटली, तिच्यावर चार्टपेपर गुंडाळून केलेली नळी, टोकाला थर्माकोल कोरून केलेलं नाक, बुडाशी पुठ्ठ्याचे तीन पंख. राहिला होता फक्त रंग. घरातच पेंटर असताना ती दुसरीकडं कशाला जाईल?

"दादा, डायरेक्ट कलर मारला तर?"

"प्रायमरबिगर कलर धरत नाही," दादा म्हणाला. हे खरंच होतं. अर्धं खरं असतं ना, ते फार आत्मविश्वासानं सांगता येतं.

हार्डवेअरच्या दुकानात प्रायमरचे तीन स्प्रे होते. तांबडा रेड ऑक्साईड, करडा सरफेसर आणि प्लास्टिकच्या बंपरला मारायचा पारदर्शक. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी पाहिजे?" दादा म्हणाला, "सगळ्यात मजबूत कोणता?" दुकानदारानं रेड ऑक्साईड काढून दिला. त्याचं काही चुकलं नाही. रेड ऑक्साईड गेटला, ग्रीलला, ट्रॉलीच्या सांगाड्याला मारतात. लोखंडाला गंज चढू द्यायचा नाही, हे त्याचं काम. आणि रॉकेटात लोखंडाचा एक खिळासुद्धा नव्हता.

संध्याकाळी गॅरेज बंद झाल्यावर दादानं डबा हलवला आणि वीतभर अंतरावरून एकाच दमात सगळं रॉकेट तांबडंलाल करून टाकलं. पाऊस भुरभुरत होता, हवा ओली होती. सकाळी पोरगी शाळेआधी बघायला आली, तर थर्माकोलच्या नाकाला खड्डेच खड्डे पडून ते अर्ध्यावर आलेलं. स्प्रेमधल्या थिनरनं ते खाल्लं होतं. पुठ्ठ्याचे पंख ओल पिऊन वाकलेले. नळीवर ओघळ. बाटलीवरचा रंग तेवढा सपाट दिसत होता, म्हणून तिनं नखानं टोकरून पाहिलं, तर बोटभर लांबीची साल अलगद सुटून आली. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं, तर रंगाआधीच्यापेक्षा तीस ग्रॅम जास्त. रिकामी बाटली पन्नासेक ग्रॅमची. म्हणजे अर्ध्याहून जास्त बाटली नुसती रंगाचीच चढली होती.

दादा म्हणाला, "त्याला काय? पुसून पुन्हा मारू." चिंधी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरमध्ये बुडवून त्यानं बाटली खसाखसा पुसली. जिथं निघेना तिथं पॉलिश पेपर मारला. रंग निघाला. मात्र बाटलीवर दोन-तीन जागी दुधाळ डाग उमटले. "आता बंपरचा प्रायमर मारला की झाकून जातंय," तो म्हणाला.

तेवढ्यात चाचा आले. पोरीनं आशेनं विचारलं, "चाचा, बंपरचा प्रायमर ह्याला धरंल ना?"

चाचांनी बाटली उजेडाकडं धरली. पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला.

"ह्याच्यात हवा किती भरणार, बेटा?"

"साठ पौंड."

"आन् जवळ कोण उभं राहणार?"

"मीच. पंप मारायला."

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी बाटली गळ्यापर्यंत पाण्यानं गच्च भरली, व्हॉल्व्हचं बूच तारेनं करकचून बांधलं, बाटली ऑइलच्या रिकाम्या ड्रममध्ये ठेवली, वर गोणपाटं टाकली आणि कंप्रेसरची नळी जोडून दोघांना लांब उभं केलं. पोरीला पाण्याचं कोडं पडलं. चाचा म्हणाले, "पाणी दबत नाही. भरलेली बाटली गेली तर चिरून गप्प बसते. हवेची गेली तर माणसाला शोधत येते." काटा वीसवर गेला, तीसवर गेला. चाळिसाला ड्रममध्ये फट् झालं.

गोणपाटं काढून पाहिलं, तर चीर पांढऱ्या डागातूनच गेली होती.

"बाटलीच खराब असंल," दादा पुटपुटला.

चाचांनी तेही ऐकून घेतलं. त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची नवी बाटली पोराकडूनच आणवली, त्याच ड्रममध्ये, तशीच पाण्यानं भरून लावली. चाळीस झाले. साठ झाले. नव्वदवर काटा नेऊन चाचांनी तो बराच वेळ तिथंच धरला आणि मग हवा सोडून दिली. बाटलीला काही झालं नव्हतं. एवढं करायला अर्धी सकाळ गेली आणि दारात एक टेम्पो ताटकळत राहिला. मला विचाराल तर पोराची खरी शिकवणी तीच. चाचांनी पोराला खोटं पाडलं नाही, त्याच्या म्हणण्याला ड्रमात उतरवून पाहिलं.

या बाटल्या गरम करून, ताणून, फुगवून बनवतात. त्या ताणामुळंच कागदाएवढ्या पातळ भिंतीला एवढं बळ येतं. एनसी थिनरमधले ॲसिटोनच्या जातीचे द्रव त्या ताणलेल्या प्लास्टिकात शिरले की ते पांढरं पडतं, कडक होतं, आणि दाब आला की तडकतं. पॉलिश पेपरचा ओरखडाही तसाच वाईट, चिरेला तो वाट दाखवून देतो. चाचांना ॲसिटोनचं शास्त्र ठाऊक नव्हतं. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेल्या थिनरनं ती बाटलीच तडकते, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"मग बाटलीला कोणता प्रायमर मारायचा?" पोरीनं विचारलं.

"कोणताच नाही."

दादा भडकला. "रंगवायचंच नाही म्हणता? आपण पेंटर हाव का कोण?"

"पेंटर हाय म्हणूनच सांगायलो," चाचा म्हणाले.

पोराला हे पटलं नाही. उघडी बाटली म्हणजे अर्धवट काम, गुण जाणार. त्यावर पोरीनं सरांनी वर्गात सांगितलेली गोष्ट काढली. अमेरिकेच्या स्पेस शटलला पोटाशी एक अवाढव्य इंधनाची टाकी असे. १९८१ साली शटल दोनदा उडालं तेव्हा ती टाकी पांढरी रंगवलेली होती. उड्डाणाआधी उन्हात उभं राहून टाकीवरचा फोम खराब होऊ नये म्हणून तो रंग. मग लक्षात आलं की रंगावाचून फोमचं काही बिघडत नाही. १९८२ सालच्या तिसऱ्या उड्डाणापासून रंग बंद झाला. फोटोतली नारिंगी टाकी म्हणजे उघडा फोम. त्या एका निर्णयानं पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन उतरलं.

"पावणेतीनशे किलो?" दादा म्हणाला. "नुसता कलर?"

"नुसता कलर."

चाचांना शटलपेक्षा काट्यावरच्या तीस ग्रॅमांत जास्त रस होता. त्यांनी तिला विचारलं की ते तीस ग्रॅम रॉकेटात कुठं बसले. पोरीनं विचार करून सांगितलं की पंखांवर आणि बुडाशी, कारण तिथंच ओघळ साचले होते. मग चाचांनी मोडक्या रॉकेटाला तोलाच्या जागी दोरा बांधायला लावला. तोल कालच्यापेक्षा बुडाकडं सरकला होता. पोरीनं दोऱ्याला धरून ते गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवलं. नाक पुढं राहायला हवं होतं. रॉकेट आडवं होऊन भिरभिरू लागलं. ही चाचणी सरांनी सांगितलेली. रॉकेट बनवणारे जगभर अशीच करतात. तोलाचा बिंदू वाऱ्याच्या दाबाच्या बिंदूपुढं, निदान नळीच्या एका व्यासाएवढा पुढं असला, तर रॉकेट सरळ जातं. बुडाशी एक एक ग्रॅम चढवत गेलं की ते अंतर खाल्लं जातं.

हातात आता तीनच दिवस होते, आणि मध्ये पोळा.

चाचांनी नव्या बाटलीला हात लावू दिला नाही. बाकीचे तुकडे सुटे करून टेबलावर मांडायला लावले आणि प्रत्येकाकडं बोट दाखवून तोच प्रश्न विचारत गेले. नळी कशाची? कागदाची. कागद काय करतो? पितो. आणि नळी गुंडाळताना कडेची एक पायरी राहते, ती वरून कितीही रंग मारला तरी दिसते. तर नळी नव्यानं गुंडाळून तिला करडा सरफेसर. त्याचं काम बारीक खड्डे भरणं. पहिला हात इतका विरळ की खालचा कागद दिसावा. हातभर लांबून, डबा नळीच्या बाहेर असतानाच बटण दाबायचं आणि पलीकडं गेल्यावरच सोडायचं, म्हणजे टोकाला थेंब बसत नाही. वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर, तोही कोरडा. गाडीच्या पत्र्याला वॉटर पेपर पाण्यात बुडवून मारतात, इथं पाणी लागलं तर नळी फुगायची.

दादानं घासायला घेतलं आणि हळहळला. मारलेला सरफेसर बहुतेक सगळा पीठ होऊन खाली पडत होता.

"चाचा, सगळाच चाललाय की!"

"जाऊ दे. खड्ड्यात राहील तेवढाच आपला."

नाकाचा प्रश्न वेगळा होता. थर्माकोलजवळ कुठलाही स्प्रे न्यायचा नाही, हे पोरीनंच ठरवलं. नव्या नाकावर तिनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून चिकटवल्या, वाळू दिल्या आणि भिंतीला मारायचा पाण्याचा पांढरा प्रायमर ब्रशनं लावला. हा प्रायमर त्या तीन डब्यांत नव्हताच. घर रंगवताना उरलेला, माळ्यावर पडून होता. नाकाला वजन चढलं, तरी चाचांनी चालेल म्हटलं, कारण ते टोकाशी होतं. पंखांचा पुठ्ठा बदलला. पातळ फेव्हिकॉलचं एकच बोट कडांवरून फिरवलं आणि त्यावर सरफेसरचा एक हलका हात, बस. पंखांच्या बाबतीत चाचा हात आखडताच ठेवत होते.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा भुरभुर सुरू झाली. दादाला दुसरा हात तेव्हाच मारायचा होता. चाचा नको म्हणाले. ओल्या हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. (उन्हाळ्यात याच्या उलट. बाळापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी स्प्रे मारला तर रंग वाटेतच वाळतो आणि अंगावर नुसती भुकटी बसते. स्प्रेच्या डब्यावर छापलेल्या सूचना मराठवाड्याच्या हवेला विचारून लिहिलेल्या नसतात.)

घरी खांदमळण चालली होती. आजा बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून झाल्यावर शिंगं घेऊन बसला होता. काचेच्या तुकड्यानं गेल्या पोळ्याचा रंग खरवडत होता. दादा बाजूला बसला आणि नेहमीसारखा म्हणाला, "आबा, वरूनच मारा की नवा. कोण बघतंय?"

"बैल बघत न्हाई," आजा म्हणाला, "पण पाऊस बघतो. पहिल्या सरीत जुना निघंल, त्याच्यासंगं नवा बी."

दादानं दुसरा काचेचा तुकडा उचलला आणि दुसऱ्या बैलाचं शिंग खरवडायला घेतलं. आज्यानं त्याच्याकडं जरा वळून पाहिलं, एवढंच.

पोळ्याच्या दुपारी ऊन पडलं. गॅरेज बंद होतं, पण चाचांनी किल्ली दिली होती. नळीला दुसरा हात झाला, तासाभरानं ४०० नंबरनं घासून झाला. वरून कोणता रंग, हा एवढे दिवस सगळ्यात मोठा वाटणारा प्रश्न आता चुटकीसरशी सुटला. शिंगांचा लाल ऑइल पेंट डब्यात उरला होता, तोच पातळ करून नळीला आणि पंखांना लावला. दादाच्या डोक्यात तरीही गॅरेजातल्या चंदेरी एनसीचे दोन पट्टे होते. डबा उचललासुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं आधी पत्र्याच्या एका तुकड्यावर लाल ऑइल पेंट मारला, तो वरवर सुकू दिला आणि त्यावर चंदेरी सोडला. बघता बघता खालचा लाल रंग गोळा झाला, सुरकुतला आणि उचलून वर आला. ऑइल पेंट वरून वाळलेला दिसतो तेव्हा आत कच्चा असतो. एनसीचं तेज थिनर त्याला खालून उठवतं. एनसीवर ऑइल चालतो, ऑइलवर एनसी नाही. हे चाचांनी त्याला अनेकदा सांगितलं असणार. त्या दिवशी त्यानं ते स्वतःच्या हातानं पाहिलं. पट्टे राहूनच गेले.

शनिवारी, पोळ्याच्या करीला, सकाळच्या शाळेत मैदानावर अठरापगड रॉकेटं जमली. एक आपादमस्तक चंदेरी होतं, बाटलीसकट, आरशासारखं. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. सरांनी त्या बाटलीत मात्र हवा भरू दिली नाही, कारण आदल्या दिवशी पोरीनं चिरलेली बाटली त्यांना नेऊन दाखवली होती. त्या पोराला दुसरी बाटली जोडायला दिली. रॉकेट उडालं, पण बुडाशी जड होतं. पाणी संपताच कोलांट्या खात शाळेच्या पत्र्यावर आदळलं.

पोरीचं रॉकेट सरळ गेलं. किती उंच ते मोजायला सरांनी कोनमापक आणि ओळंबा धरला होता. त्यात ते पहिलं आलं. रूपाच्या गुणांत मात्र मागं पडलं. परीक्षक बाईंनी विचारलं, "बाटली रंगवायची राहिली वाटतं?" पोरीनं कारण सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि तरीही गुण कापले. एकूण बेरजेत दुसरा नंबर. बाहेर कुंपणाला टेकून उभा असलेला दादा आत येऊन भांडायला निघाला होता. पोरीनं त्याला हातानंच थोपवलं.

चंदेरी रॉकेटवाला पोरगा तिच्यापाशी आला. "तू प्रायमर कोणता वापरला गं?"

"कुठं?" ती म्हणाली. "नळीला करडा. नाकाला भिंतीचा. बाटलीला काहीच नाही."

सांगायचं नाही म्हणून ही काहीतरी फेकतेय, असं त्याला वाटलं आणि तो रागानं निघून गेला.

सोमवारी चाचा कळमनुरीला गेले होते. गॅरेजात दादा एकटाच. एक जीप आली. मालकाला दोन्ही दारांना नवा मेटॅलिक पाहिजे होता, आजच्या आज. संध्याकाळी लग्न ठरवायला पाहुणे येणार होते. रोख पैसे काढून टेबलावर ठेवलेसुद्धा. दादानं शेडकार्डाला हात लावला नाही. चिंधीवर थिनर घेऊन दाराच्या आतल्या कोपऱ्यात दाबून धरली. जुना रंग विरघळला नाही, सुरकुतून उचलला गेला. कुणीतरी मधल्या काळात ब्रशनं ऑइल पेंट मारून ठेवला होता.

"सगळं खरवडावं लागंल, मालक. दोन दिवस धरा."

"तुमच्यात जमत नसंल तर सांगा की सरळ," मालक म्हणाला, पैसे उचलले आणि जीप पुढच्या गॅरेजकडं वळवली.

दुपारी चाचा परतले. शेजारच्या टायरवाल्यानं त्यांना आधीच गाठून सगळं सांगितलं होतं: रोखीचं गिऱ्हाईक, पोरानं हाकललं. चाचा आत आले तेव्हा दादा बोलणी खायच्या तयारीनं, मान खाली घालून एक मडगार्ड घासत होता.

"दारावर काय निघालं?" चाचांनी विचारलं.

"ऑइल पेंट."

"कच्चा का पक्का?"

"कच्चा. थिनर लावलं की उठायला."

चाचांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली. "दोन चहा सांग," ते म्हणाले. "आन् त्या मडगार्डला कोपऱ्यात अजून गंज हाय, तिथं नीट घास. त्याला तुझा रेड ऑक्साईड चालंल."